मुलांना डॉल्फिन दाखविताना



आमचे काष्टी हे गाव जनावरांच्या बाजारासाठी दूरवर ओळखले जाते. शनिवार उजाडला की श्रीगोंदा, दौंड, कर्जत, शिरूर या बाजूंनी बैल, गाई, म्हशी, शेळ्या यांनी भरलेली वाहने गावात शिरू लागतात. या गावात वाढलेल्या मुलास बैलाचे दात पाहून वय ताडता येते, आणि रुमालाखाली बोटे धरून व्यापारी भाव कसा ठरवितात, हेही ते लहानपणापासून पाहत असते. माझ्या बँकेतील नोकरीतही जनावरांशी संबंध आला तो याच वाटेने. दुभत्या गाईसाठी कर्ज मागणाऱ्याच्या फायलीत गाईचे छायाचित्र, कानातील बिल्ल्याचा क्रमांक, पशुवैद्यकाचा दाखला आणि विम्याचा कागद असे. ती गाय माझ्या लेखी एक तारण होती. तिचे डोळे कसे होते, हे मी कधी पाहिल्याचे स्मरत नाही.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. बैलाला पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी भरविणारा शेतकरीच शनिवारी त्याला बाजारात उभा करतो, आणि दोन्ही वेळी तो खराच असतो. परंतु या सगळ्यामुळे दृष्टीला एक सवय जडते. प्राणी दिसला की ‘हा कोणाचा?’ आणि ‘हा कितीचा?’ हे दोन प्रश्न आपोआप मनात येतात. ज्याचा कोणी मालक नाही आणि ज्याला भाव नाही असा एखादा मोठा प्राणी नातवंडांना दाखवावा, असे माझ्या मनात बरेच दिवस होते. नात चौथीत, नातू पहिलीत. दोघांनी एकमुखाने निवड केली ती डॉल्फिनची.

या निवडीचे कारण उघड होते. नातीच्या कंपास पेटीवर डॉल्फिन आहे, नातवाच्या वाढदिवसाच्या फुग्यावर डॉल्फिन होता. दोन्ही निळे, दोन्ही हसरे, आणि दोन्ही पाण्याबाहेर कमानीसारखे उडालेले. मोबाईलवर त्यांनी पाहिलेल्या चित्रफितींत डॉल्फिन कड्यातून उडी मारतो, नाकावर चेंडू झेलतो आणि टाळ्या वाजल्या की मान डोलावतो. मुलांच्या मनातला डॉल्फिन हा असा सर्कशीतला कलावंत होता. खरे सांगावयाचे तर माझ्याही मनात फारसा वेगळा नव्हता.

डिसेंबरातील सुटीत आम्ही निघालो. वाटेत कुंभोजगिरीचे दर्शन घेतले, एक मुक्काम केला आणि फोंडा घाटाने उतरून मालवण गाठले. सोबत खाखरे, दशम्या आणि सुका नाश्ता होताच. तारकर्ली आणि देवबाग या भागात सकाळी डॉल्फिन दाखविणाऱ्या बोटी सुटतात. देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते. नदीच्या मुखाशी मासळी भरपूर असते आणि पाणी उथळ असते, म्हणून तेथे हे प्राणी येतात. सकाळी वारा पडलेला असतो, पाणी संथ असते, त्यामुळे दुरूनही पाठ दिसते. नवकारशीची वेळ व्हायच्या आतच आम्ही जीवरक्षक जॅकेट घालून बोटीत बसलो. उत्तरेला दूर सिंधुदुर्ग किल्ल्याची तटरेषा दिसत होती.

अर्ध्या तासाने तांडेलाने बोट दाखविले. पाण्यावर करड्या रंगाचे काहीतरी वर आले, पाठीवरचा उंचवटा दिसला, त्यावरचा छोटा त्रिकोणी पर दिसला, आणि सारे पाण्यात गेले. दोन सेकंद, फार तर तीन. मुलांनी श्वास रोखला. पुन्हा एकदा तसेच झाले. मग नातू म्हणाला, “दादाजी, एवढंच? हा उडी का नाही मारत?”

त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो. इतक्या दूर आणून मुलांची निराशा होते आहे, असे मला वाटले. मी तांडेलास म्हणालो, “थोडे जवळ घ्या. वाटल्यास दोनशे रुपये जास्त देतो.” त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि इंजिनाचा वेग वाढविला. आणखी एक बोट दुसऱ्या बाजूने त्याच दिशेने येत होती. दोन बोटींच्या मधोमध ती पाठ एकदा वर आली, घाईने आली, आणि लगेच बुडाली. तिच्या कडेला तेव्हा दुसरी एक पाठ दिसली, अगदी लहान. नंतर बराच वेळ काहीच वर आले नाही.

तांडेलाने इंजिन मंद केले. तो म्हणाला, “काकानू, पिल्लू आसा तिच्या वांगडा. आता फुडे नको. इंजिन बंद करतंय.” माझ्या होकाराची वाट न पाहता त्याने ते बंद केले.

या प्रसंगाकडे मी पुन्हा येईन. त्याआधी त्या पाण्याखाली काय चालले होते, हे सांगितले पाहिजे. परत आल्यावर मी ते मिळेल तेथून वाचून काढले. आधी वाचले असते तर ते दोनशे रुपये मी देऊ केले नसते.

आमच्या किनाऱ्यालगत जो डॉल्फिन बहुधा दिसतो त्यास हिंद महासागरातील हम्पबॅक, म्हणजे कुबडाचा, डॉल्फिन म्हणतात. पाठीवरच्या लांबट उंचवट्यामुळे हे नाव पडले. दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या किनाऱ्यांवर तो राहतो. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण अडीच मीटर लांबीचा असतो. खोल समुद्र त्यास मानवत नाही. किनाऱ्याजवळचे उथळ पाणी, खाड्या आणि नदीमुखे हे त्याचे घर. म्हणजे जेथे माणसाची बंदरे, जाळी, सांडपाणी आणि पर्यटकांच्या बोटी, नेमके तेथेच त्यास राहावे लागते. जागतिक पातळीवरील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे, आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, त्यास स्थान आहे.

तो मासा नाही, हे मुलांना आधी सांगावे. माशाची शेपटी उभी असते आणि डावीकडे-उजवीकडे हलते. डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. मासा कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतो, डॉल्फिनला आपल्यासारखीच फुप्फुसे असतात. त्याचे रक्त उष्ण असते. मादी एका वेळी एकच पिल्लू प्रसवते आणि त्यास दूध पाजते. पाठशाळेत जीवविचार शिकलेली माझी नात येथे मला म्हणाली, “म्हणजे जलचर पंचेंद्रिय, आणि गर्भज.” जलचरांत गर्भज आणि संमूर्च्छिम असे दोन भेद आपल्या परंपरेत सांगितलेले आहेत. पाठ केलेल्या यादीतील एक शब्द त्या दिवशी तिला करड्या पाठीसह दिसला, याचे मला समाधान वाटले.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्वासाची. आपण झोपेतही नकळत श्वास घेतो. डॉल्फिनला प्रत्येक श्वास जाणूनबुजून घ्यावा लागतो. त्याचे नाक डोक्याच्या माथ्यावर असते. पाण्याखाली ते घट्ट मिटलेले असते, आणि पृष्ठभागावर आल्यावर क्षणभर उघडते. त्या एका क्षणात तो फुप्फुसांतील बहुतेक हवा बदलून टाकतो. आपण एका साध्या श्वासात तिचा लहानसा अंशच बदलतो. हम्पबॅक डॉल्फिन सामान्यतः एखादे मिनिट पाण्याखाली राहतो, क्वचित चार-पाच मिनिटे. मग त्यास वर आलेच पाहिजे. आम्ही ज्याला ‘डॉल्फिनचे दर्शन’ म्हणत होतो तो त्याचा श्वास होता. त्याच्या वर येण्याच्या जागेवर आम्ही बोट नेऊन उभी केली होती, आणि तीही पैसे देऊन.

झोपेचेही असेच. पाळलेल्या डॉल्फिनांवरील अभ्यासांतून असे दिसून आले आहे की त्यांच्या मेंदूचा एकेक अर्धा भाग आळीपाळीने झोपतो आणि एक डोळा उघडा राहतो. पूर्ण झोप लागली तर श्वास कोण घेणार? मुलांना हे सांगितले तेव्हा नातवाने एक डोळा मिटून झोपण्याचा प्रयोग केला. तो अर्थातच दोन मिनिटांत दोन्ही डोळे मिटून घोरू लागला.

गढूळ पाण्यात डोळे फारसे कामास येत नाहीत. डॉल्फिन कानाने पाहतो, असे म्हटले तरी चालेल. नाकाच्या मार्गात तो टकटक असा अतिशय तीव्र ध्वनी निर्माण करतो. कपाळातील चरबीचा गोळा त्या ध्वनीस भिंगासारखा एका दिशेने फेकतो. समोरच्या माशावर, खडकावर किंवा जाळ्यावर आपटून परत आलेला प्रतिध्वनी तो खालच्या जबड्याच्या हाडामार्फत कानापर्यंत घेतो. हवेत ध्वनी सेकंदास सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500 मीटर. त्यामुळे पाण्याखाली आपल्या इंजिनाचा आवाजही चटकन आणि दूरवर पोहोचतो. भर बाजारात कोणी आपल्या कानाशी ताशा वाजवावा आणि आपण गर्दीत मुलाची हाक शोधावी, तशी त्या मादीची अवस्था होत असेल.

हाक हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. बॉटलनोज या प्रसिद्ध जातीच्या डॉल्फिनांत प्रत्येकाची स्वतःची एक शीळ असते. आपली शीळ दुसऱ्याकडून ऐकली तर तो उत्तर देतो, असे संशोधकांनी प्रयोगांनी दाखविले आहे. आपल्या भाषेत बोलायचे तर त्यास नाव असते आणि हाक मारली की तो ओ देतो.

आता व्यापारी घराण्यांना समजेल असा थोडा हिशेब मांडतो. हम्पबॅक मादी वयात येण्यास साधारण दहा वर्षे लागतात. गर्भ दहा ते बारा महिने राहतो. पिल्लू दोनेक वर्षे आईच्या दुधावर आणि तिच्या सोबत असते. म्हणून दोन पिल्लांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते. चाळीस वर्षांचे आयुष्य धरले तरी एक मादी जन्मभरात फार तर आठ-दहा पिल्ले देऊ शकेल, आणि त्यांतली सारीच जगतील असे नाही. हे भांडवल फार हळू वाढते. ज्या दुकानात आवक अशी थेंबाथेंबाने होते तेथे खर्चाचा एकही आकडा निष्काळजीपणे पडून चालत नाही. एक पिल्लू जाळ्यात अडकून गेले की तीन वर्षांची जमा गेली.

जाळ्यात अडकलेला डॉल्फिन बहुधा जखमेने मरत नाही. वर येऊन श्वास घेता न आल्याने तो गुदमरतो. समुद्रात राहणारा प्राणी बुडून मरतो, हे मुलांना सांगताना माझा आवाज जड झाला.

परंतु याच ठिकाणी एक गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक असावी. मासेमारांच्या जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मासेमाराने आपले जाळे कापून त्यास सोडून दिले, तर महाराष्ट्र शासन त्यास जाळ्याची भरपाई देते. डिसेंबर 2018 पासून ही योजना आहे, भरपाईची मर्यादा 25,000 रुपये आहे, आणि ती वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत दिली जाते. सुटकेचे छायाचित्र किंवा चित्रफीत पुरावा म्हणून द्यावी लागते. जाळे हे मासेमाराचे भांडवल आहे. आपल्या दुकानातील माल आपल्या हाताने कापून एका मुक्या जीवास वाट करून द्यावयाची, आणि भरपाई नंतर कधीतरी मिळणार, हा व्यवहार आपल्यापैकी किती जण करतील? आपण मांसाहार करीत नाही, पाणी गाळून पितो, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्या सकाळी मात्र बोटीत मी अहिंसेचा वारसदार म्हणून बसलो होतो, आणि इंजिन बंद करण्याचे सुचले ते मासळीवर पोट असलेल्या माणसाला. ही नोंद मला माझ्या नावे टाकलीच पाहिजे.

जीव पाण्यात आहे म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करावयाचे नाही, ही जाणीव आपल्या भूमीत जुनी आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना मारू नये त्यांची यादी दिली आहे. तीत ‘गंगापुपुटक’ असे एक नाव येते. हा गंगेतील डॉल्फिनच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. संस्कृतात डॉल्फिनला शिशुमार म्हणतात, आणि हिंदीतील ‘सूंस’ हा शब्द त्यापासूनच आला. भारत सरकारने 2009 साली गंगेतील या डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला. मार्च 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या नदी-डॉल्फिन गणनेत त्यांची आणि सिंधू खोऱ्यातील मोजक्या डॉल्फिनांची मिळून संख्या 6,327 भरली. आपल्या महाराष्ट्रात 1987 साली घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य आहे, त्याचे क्षेत्र अवघे 29 चौरस किलोमीटर. डॉल्फिनला अर्थातच ती सीमारेषा दिसत नाही. ती पाळावयाची आहे आपल्याला.

कड्यातून उडी मारणाऱ्या डॉल्फिनचे काय, असे मुले विचारतील, आणि त्यांना खरे उत्तर द्यावे. 1998 साली चेन्नईजवळ अशा खेळांसाठी परदेशातून डॉल्फिन आणले गेले होते. ते काही महिन्यांतच मेले. पुढे देशात इतरत्र असे खेळ सुरू करण्याचे प्रस्ताव आले, तेव्हा 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने राज्यांना परिपत्रक पाठवून डॉल्फिनना अशा रीतीने कोंडण्यास मनाई केली. त्यांच्या बुद्धीचा आणि संवेदनशीलतेचा विचार त्या परिपत्रकात केलेला आहे. आणि ते हसू? डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते. तो आनंदात असला तरी तसाच दिसतो, मरणपंथास लागला तरी तसाच दिसतो. चेहरा पाहून समाधान मानू नये, हे आम्ही बँकेत कर्जदारांच्या बाबतीत शिकलो होतो. येथेही ते लागू पडते.

आता पुन्हा बोटीत येऊ. इंजिन बंद झाले आणि एकदम शांतता पसरली. लाटांचा बोटीच्या कडेला होणारा चुबूकचुबूक आवाज तेवढा ऐकू येत होता. मुले कंटाळतील अशी मला भीती वाटत होती. इतक्यात आमच्या मागच्या बाजूस, बऱ्याच अंतरावर, ‘फूस्’ असा आवाज झाला. त्यापाठोपाठ तसाच एक बारीक आवाज. आम्ही वळलो तोवर पाण्यावर फक्त वलये होती.

“दादाजी, तिने श्वास घेतला,” नात कुजबुजली. “आणि पिल्लानेही.”

इंजिन चालू असताना हा आवाज आम्हाला ऐकूच आला नव्हता. मग नातीने आपण होऊन मोजावयास आरंभ केला. एक, दोन, तीन... अठ्ठेचाळीसवर पुन्हा ‘फूस्’. पुढच्या वेळी बावन्न. नातूही तिच्याबरोबर श्वास रोखून बसू लागला, आणि वीसवर सोडून देऊ लागला. पाऊण तास आम्ही तसेच बसलो. आई आणि पिल्लू हळूहळू आपल्या वाटेने निघून गेले. उडी एकदाही मारली नाही, आणि कोणी ती मागितलीही नाही.

परतताना नातीने विचारले, “दादाजी, ते जास्तीचे दोनशे रुपये कशाचे?” मी निरुत्तर झालो. कर्जाचे प्रयोजन काय, हा प्रश्न आयुष्यभर इतरांना विचारीत आलो होतो. प्रयोजनाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्या अर्जावर मी कधी सही केली नाही. आणि येथे माझ्याच खर्चाचे प्रयोजन लिहिण्यास मला लाज वाटत होती. काठावर उतरल्यावर ते दोनशे रुपये मी तांडेलास दिले, आणि मुलांसमोर त्यास स्पष्ट सांगितले की हे इंजिन बंद केल्याबद्दल आहेत. तो हसला आणि म्हणाला की पुढच्या वेळी निघतानाच तसे सांगा, म्हणजे आम्हालाही बरे पडते. जवळ न्या असे सगळेच म्हणतात, लांब राहा असे कोणी म्हणत नाही.

त्याचे हे वाक्य मी आपणा सर्वांसाठी येथे नोंदवीत आहे. तांडेल डॉल्फिनच्या मागे लागतो तो आपल्या मागणीमुळे. गिऱ्हाईक जे मागते ते दुकानात येते, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? मागणी बदलली तर पुरवठाही बदलेल. म्हणून बोटीत बसण्यापूर्वीच तांडेलास सांगावे की आम्हाला घाई नाही, पाठलाग नको, दुरून पाहू, आणि डॉल्फिन दिसताच इंजिन बंद ठेवा. ऑस्ट्रेलियात बोटीने डॉल्फिनपासून पन्नास मीटरच्या आत जाऊ नये असा दंडक आहे, आणि पिल्लू सोबत असेल तर दीडशे मीटर दूर राहावयाचे आहे. तो दंडक आपण आपल्यापुरता पाळावा. दुसरी बोट आधीच तेथे असेल तर समोरून जाऊन वाट अडवू नये. पाण्यात खाऊ, प्लास्टिक काही टाकू नये. मुलांच्या हाती मोबाईलऐवजी वही-पेन्सिल द्यावी. किती वेळाने श्वास घेतला, सोबत पिल्लू होते काय, वरच्या पराला खाच होती काय, एवढे तीन रकाने पुरे. संशोधकही या पराच्या खाचा आणि चट्टे पाहूनच एकेक डॉल्फिन ओळखतात आणि त्यांच्या छायाचित्रांची खतावणी ठेवतात. माझ्या गाईंच्या फायलीत कानाला बिल्ला टोचावा लागे. येथे जीवाला हात न लावता त्याची ओळख पटते.

एक प्रश्न तुमच्याही घरी निघेल, म्हणून सांगतो. रात्री नातवाने विचारले, “डॉल्फिन मासे खातो. मग त्याला पाप लागत नाही?” मी त्यास म्हणालो, “बाळा, त्याच्यापुढे ताट वाढलेले नाही. समुद्रात त्याला दुसरे काही मिळत नाही. तुझ्यापुढे मात्र ताट आहे आणि निवडही आहे. ज्याला निवड आहे त्याचा हिशेब कडक असतो.” त्याचे समाधान झाले की नाही, कळले नाही. माझे मात्र झाले नाही, कारण बोटीत मलाही निवड होती.

सर्वांनाच समुद्रावर जाणे जमणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. आमच्या श्रीगोंद्याशेजारी, कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तेथेही थवा उडावा, चित्र चांगले यावे म्हणून त्याच्या अंगावर बोट घालावयास सांगणारे पाहुणे मी पाहिले आहेत. हजारो कोसांचा नव्हे तरी बऱ्याच लांबचा प्रवास करून आलेला तो पक्षी चिखलात मान घालून जेवत असतो. त्याचे जेवण मोडून आपण टाळ्या वाजवितो. कुठल्याही रानातल्या जीवाला भेटताना मुलांना एकच प्रश्न विचारावयास शिकवावे: आपण आलो म्हणून याचे काय मोडले? उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर ती सहल चांगली झाली.

आता दर शनिवारी नात बाजारात माझ्याबरोबर येते. परवा एका खिलारी बैलापाशी ती बराच वेळ उभी राहिली. मालकाने कौतुकाने विचारले, “काय, घ्यायचा का?” ती म्हणाली, “नाही, श्वास मोजतेय.” मालक माझ्याकडे पाहू लागला. मी त्यास काय सांगणार? मीही मोजू लागलो.

आपल्या मुला-नातवंडांनी अशी काही निरीक्षणे केली असतील तर वहीची ती पाने अवश्य पाठवावीत. पुढील अंकी भेटूच. जय जिनेंद्र.